ओळख मोजताना : पॅसिफिक समाजांवरील एका संशोधनाचे चिकित्सक वाचन

मी जयपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मापन आणि उपकरणशास्त्र शिकवते. मानसशास्त्र हा माझा विषय नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही मानसशास्त्रातल्या एका संशोधनावर हे टिपण लिहायला घेतले, त्याला कारण घडले ते आमच्याच वसतिगृहात.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची पाहणी झाली. एक तयार परदेशी प्रश्नावली घेतली गेली, तिचे घाईघाईने हिंदी भाषांतर झाले आणि ज्यांचे गुण ठरावीक रेषेखाली आले त्यांना समुपदेशनासाठी बोलावले गेले. माझ्या वर्गातला डूंगरपूर जिल्ह्यातल्या भिल्ल कुटुंबातला एक मुलगा त्या यादीत होता. 'माझ्या आयुष्याचे निर्णय मी एकट्याने घेतो' या विधानापुढे त्याने 'पूर्णपणे असहमत'वर खूण केली होती. मी विचारले तर म्हणाला, "मॅडम, मामांना विचारल्याशिवाय मी इथे आलोच नसतो. खोटं कसं लिहू?" त्याची झोप, अभ्यास, मित्र सगळे ठीक होते. त्याच मजल्यावरचा दुसरा एक मुलगा सगळ्या विधानांपुढे 'सहमत' लिहून मोकळा झाला. त्याला कोणी बोलावले नाही. पुढच्या सत्रात तो शिक्षण सोडून गेला. का, ते आम्हाला फार उशिरा कळले.

उपकरण चुकीचे वाचन देते तेव्हा आपण प्रयोगशाळेत काय करतो? आधी उपकरण तपासतो. इथे मात्र मुलाला तपासले गेले.

तुम्ही जयपूरला आलात तर जंतरमंतर पाहालच. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. (त्यांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय होते. टॉलेमीचा ग्रंथ आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) इथल्या बृहत् सम्राट यंत्राची त्रिकोणी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे आणि तिच्या सावलीवरून वेळ दोन सेकंदांपर्यंत वाचता येते. त्या भिंतीचा चढ क्षितिजाशी जो कोन करतो, तो जयपूरच्या अक्षांशाइतका आहे, म्हणजे सुमारे २७ अंश. उज्जैनच्या यंत्राचा कोन सुमारे २३ अंश आहे. उज्जैनचे यंत्र उचलून जसेच्या तसे जयपुरात ठेवले तर काय होईल, हे मी दर वर्षी वर्गात विचारते. बहुतेक जण म्हणतात, "ठरावीक फरक पडेल, तो वजा करू." पण फरक ठरावीक नसतो. तो तासागणिक आणि ऋतूगणिक बदलतो. गंमत म्हणजे ऐन मध्यान्ही ते यंत्र बरोबर वेळ दाखवते, कारण तेव्हा सावली भिंतीच्या रेषेतच असते. फक्त मध्यान्हीच तपासणाऱ्याला यंत्र निर्दोष वाटेल. शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या चार मुलांवर प्रश्नावली तपासून ती चालते असे जाहीर करणे, हा तसाच प्रकार आहे.

आता ज्या संशोधनाविषयी बोलायचे आहे त्याकडे वळू. ऑकलंड विद्यापीठातील सॅम मॅन्युएला आणि ख्रिस सिब्ली यांनी २०१३ मध्ये न्यूझीलंडमधील पॅसिफिक लोकांसाठी ओळख आणि स्वास्थ्य यांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. मॅन्युएला यांचे स्वतःचे नाते कुक बेटांशी आहे. सामोआ, टोंगा, कुक बेटे, निउए, टोकेलाऊ, फिजी अशा बेटांवरून आलेल्या कुटुंबांना न्यूझीलंडमध्ये 'पॅसिफिक लोक' असे एकत्र नाव आहे. २०१८ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३,८१,६४२ होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.१ टक्के, आणि त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश न्यूझीलंडमध्येच जन्मलेले होते. म्हणजे बेट हे पुष्कळांसाठी आजीच्या बोलण्यातले गाव आहे.

या आधी साधने नव्हती असे नाही. जीन फिनी यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत कोणत्याही समाजाला लावता येईल अशी ओळख-मापनाची प्रश्नावली मांडली होती आणि ती जगभर वापरली गेली. मॅन्युएला आणि सिब्ली यांनी उलटी वाट धरली. सर्वांना चालेल असे यंत्र न आणता त्यांनी या अक्षांशासाठी यंत्र बांधले. त्यांनी पुष्कळ विधाने तयार केली, लोकांना सहमती-असहमती विचारली आणि कोणती उत्तरे एकत्र वरखाली होतात ते घटक विश्लेषणाने पाहिले. तुमच्यापैकी जे अभियांत्रिकीचे आहेत त्यांना हे सोपे जाईल. एका यंत्रावर तीस संवेदक बसवले आणि त्यांतले सहा नेहमी एकत्र हलत असतील, तर त्यांच्यामागे एकच कारण असावे असा तर्क आपण करतो. घटक विश्लेषण हाच तर्क गणिताने करते. त्या कारणाला नाव द्यायचे काम मात्र गणित करत नाही, माणूस करतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यांना पाच घटक मिळाले: कुटुंबाविषयीचे समाधान, न्यूझीलंडचा समाज आणि शासन यांच्याकडून मिळणाऱ्या आधाराविषयीचे समाधान, इतर पॅसिफिक लोकांशी जोडलेपण, आयुष्यात धर्माचे स्थान, आणि पॅसिफिक असणे हा स्वतःच्या ओळखीचा किती मोलाचा भाग वाटतो ते. २०१५ च्या सुधारित श्रेणीत सहावा घटक आला, सांस्कृतिक सक्षमता. त्यात भाषा आणि रीतिभाती किती येतात, आपल्या लोकांत वावरताना अडखळायला होते का, हे पाहिले जाते.

या कामाची मला सर्वांत पटलेली गोष्ट आधी सांगते. पाचांतले पहिले दोन घटक ओळखीचे नाहीत, स्वास्थ्याचे आहेत, आणि त्या स्वास्थ्यात 'मी' एकटा नाही. आपल्या भाषेतही हे आहे. जुन्या पत्रांत 'खुशाली कळवावी' असे लिहीत, आणि उत्तरात 'इकडे सर्व क्षेम' असे येई. मुलगा एकटा मुंबईत नोकरीला असला तरी आई 'सर्वांची खुशाली' विचारी. खुशाली एकट्याची नसतेच. या अर्थाचा एकही प्रश्न आमच्या वसतिगृहातल्या प्रश्नावलीत नव्हता. 'वांशिक' या शब्दाविषयी मात्र माझी तक्रार आहे. आपली पाठ्यपुस्तके समाज-ओळखीला 'वांशिक ओळख' म्हणतात आणि वाचणाऱ्याच्या मनात लगेच रक्त येते. रक्ताचा पुरावा मागितला गेला की काय होते, त्याचे उदाहरण पुढे आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप एकत्र नावाचा. सामोआ आणि टोंगा यांच्या भाषा वेगळ्या, इतिहास वेगळा. 'पॅसिफिक' ही ओळख बऱ्याच अंशी न्यूझीलंडमध्ये आल्यावर, तिथल्या अर्जांत आणि कारखान्यांत घडली. ज्याला स्वतःला टोंगन म्हणवून घेण्यात अभिमान आहे पण 'पॅसिफिक' हा शब्द सरकारी वाटतो, तो जोडलेपणाच्या विधानांवर कमी गुण देईल, आणि आपण म्हणू की याची ओळख क्षीण आहे. लेखकांना हा प्रश्न ठाऊक आहे. गटागटांत यंत्र सारखे चालते का, हे तपासण्याच्या सांख्यिकी रीतीही आहेत. पण दोन घरांतल्या तापमापींचे शून्यच वेगवेगळ्या जागी असेल, तर कोणते घर गरम हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही, ही अडचण कायम राहते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. याच दोघांचा २०१४ चा एक निबंध आहे. त्यात एकापेक्षा अधिक समाजांशी नाते सांगणाऱ्या पॅसिफिक लोकांचे व्यक्तिनिष्ठ स्वास्थ्य कमी का, असा प्रश्न विचारला आहे. आपल्याच पॅसिफिक गटाविषयीची नकारात्मक भावना हा त्यातला दुवा आहे, असे उत्तर येते. काम नेटके आहे. पण बाणाची सुरुवात कुठून केली ते पाहा. माणसाच्या मनातल्या भावनेपासून. ती भावना तिथे कशी आली? १९७४ ते १९७६ या काळात न्यूझीलंडच्या पोलिसांनी मुदत संपलेल्या परवान्यांच्या शोधात पहाटे पॅसिफिक घरांवर धाडी घातल्या. मुदत उलटून राहिलेल्यांत युरोप-अमेरिकेतले लोकही होते, त्यांची दारे कोणी ठोठावली नाहीत. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याबद्दल १ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर क्षमा मागितली. ज्या घरात ही पहाट आठवणीत आहे, तिथल्या नातवाला आपल्या गटाविषयी काय वाटते हे मोजणे रास्तच आहे. पण पोलिसाचा हात आकृतीत कुठेच नसेल, तर वाचणारा दुरुस्ती नातवाच्या मनातच शोधणार.

हे आपल्या घरच्या उदाहरणावर पडताळून पाहू. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. आडनावे केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने करीत. १९४८ नंतर त्यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. गावात जे वेगळेपण 'ज्यू' म्हणून होते, तेच तिथे 'हिंदी' म्हणून झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभीच काही कुटुंबांनी वागणुकीविरुद्ध धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. काही परतलीही.

मग लग्नाचा प्रश्न आला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धर्मपीठाच्या अधिकारात होतात. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलशी विवाहाला मुभा दिली, पण १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेली की वधूवरांची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांचा शोध घ्यावा. इतर समाजांना नाही, यांनाच. तुम्ही वीस वर्षांचे आहात, लग्न ठरले आहे, आणि खिडकीमागचा माणूस तुमच्या पणजीचा पुरावा मागतो. पणजी अलिबागजवळच्या खेड्यात वारलेली. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरण्यावर बसले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल आणि तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि महिनाअखेर धर्मपीठाने सूचनेतून त्यांचे नाव काढले.

आता कल्पना करा की १९६३ मध्ये कोणी त्या तरुणांना पाच घटकांची अशी श्रेणी भरायला दिली असती. कुटुंबाचे समाधान बहुधा वर, आपसांतले जोडलेपण वर, धर्माचे स्थान वर. समाज आणि शासन यांच्यावरचे समाधान तळाला. आणि 'या गटाचा असण्याचे मोल'? इथे मी अडते. अपमानाच्या दिवसांत हे मोल घटते की हट्टाने वाढते, ते धरण्यावर बसलेल्याला आणि घरी बसलेल्याला वेगळे असेल. पाचही गुण मिळवून सरासरी काढली तर मध्यम आकडा येईल, आणि तो कशाचाही नसेल. म्हणून या श्रेणीचे घटक वेगळे ठेवले आहेत ते योग्यच. आमच्या वसतिगृहाच्या पाहणीत सगळ्याची एक बेरीज केली होती.

आणखी एक. बेने इस्रायलांचा 'मलिदा' हा विधी घरी होतो. पोहे, नारळ आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नबीचे स्मरण करतात. नवस फेडताना, लग्नात, नव्या घरात. 'मी प्रार्थनास्थळी नियमित जातो' एवढ्यावर धर्माचे स्थान मोजले तर मलिद्याचे ताट मोजमापाबाहेर राहते. पॅसिफिक श्रेणीला ही अडचण कमी भासते, कारण तिथे चर्च हेच वस्तीचे केंद्र असते. म्हणजे श्रेणी तिच्या अक्षांशाला बरोबर आहे. तिला लोदमध्ये किंवा अलिबागला आणताना भिंतीचा चढ बदलावा लागेल.

लोदचे नाव मुद्दाम घेतले. शाल्वा वाइल यांनी इस्रायलमधल्या त्या गावी बेने इस्रायलांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९७७ मध्ये ससेक्स विद्यापीठाला प्रबंध सादर केला. विषय होता त्यांच्या समाज-ओळखीचे टिकून राहणे. त्यांनी याच समाजातले परस्परांचे बोलणे आणि नावे यांवरही लिहिले. आकड्यांची सवय असलेल्या तुम्हाला असे काम सैल वाटेल. मलाही आधी वाटायचे. पण कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवायला असाच अभ्यास लागतो. कोणत्या प्रसंगी मराठी ओठांवर येते, कोणापुढे ती गिळली जाते, हे पाहिल्याशिवाय भाषेवरचे विधान लिहिता येत नाही. इस्रायलमध्ये बेने इस्रायलांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, ही गोष्ट कोणत्याही तयार श्रेणीच्या कोणत्या रकान्यात बसेल? २०१५ मध्ये पॅसिफिक श्रेणीला भाषेचा घटक नंतर जोडावा लागला, त्यावरून मला वाटते की हा धडा तिकडेही उशिराच मिळाला.

पॅसिफिक संशोधकांपाशी दुसरी साधनेही आहेत. तिमोते वाइओलेती यांनी २००६ मध्ये 'तलानोआ' ही संशोधनाची रीत म्हणून मांडली. घाई न करता समोरासमोर बसून, आपले नातेगोते सांगत केलेला संवाद. आपल्याकडे पारावर जे होते त्याच्या जवळचे. फुइमाओनो कार्ल पुलोतू-एन्डेमान यांचा 'फोनोफाले' हा आराखडा सामोअन घराच्या रूपात आहे. कुटुंब हा पाया, संस्कृती हे छप्पर, मधे शरीर, मन, अध्यात्म आणि इतर गोष्टींचे खांब, आणि सभोवती काळ, परिस्थिती, परिसर. सभोवतीचे ते वर्तुळ पाहा. वर मी जो पोलिसाचा हात म्हटले, त्याला इथे जागा आहे. मग श्रेणीत तो का आला नाही? कारण श्रेणी व्यक्तीला विचारते, आणि व्यक्ती स्वतःविषयी सांगते. ही स्वयंकथनाची मर्यादा आहे, लेखकांची चूक म्हणता येणार नाही. चूक होते ती आकडा हातात घेऊन निर्णय करणाऱ्याची.

भारतात असे काम झालेच नाही असे समजू नका. रमेशचंद्र मिश्र, दुर्गानंद सिन्हा आणि जॉन बेरी यांनी १९९६ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या बिरहोर, असुर आणि उराँव समाजांवरचा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. परिसर, बाहेरच्या समाजाशी येणारा संपर्क आणि मनावरचा ताण यांचा संबंध त्यात तपासला आहे. तुमच्या ग्रंथालयात असेल तर पॅसिफिक निबंधाशेजारी ठेवून वाचा. तिथे परिसर आकृतीच्या आत आहे.

आमच्या वसतिगृहाचे काय झाले ते सांगते. गेल्या सत्रात मापनाच्या प्रकल्पासाठी बारा विद्यार्थ्यांचा गट केला. त्यात तो डूंगरपूरचा मुलगाही होता. त्यांना सांगितले की तुमच्या गावच्या, तुमच्या मजल्यावरच्या मुलांशी बोला आणि विधाने त्यांच्या तोंडची घ्या. आलेली विधाने पुस्तकी नव्हती. 'घरी फोनवर बोलताना मी खरं ते सांगतो.' 'माझ्यामुळे घरी कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.' 'मेसमध्ये मी कोणाच्याही टेबलावर बसू शकतो.' एक विधान होते, 'आपली बोली बोलताना इथे मला संकोच वाटतो.' यावर वाद झाला. वागडी बोलणारा म्हणाला, "कोणती बोली धरायची? घरी वागडी, बसमध्ये हिंदी, वर्गात इंग्रजी." शेखावाटीच्या मुलाला प्रश्नच कळला नाही, त्याला संकोच कधी वाटलाच नव्हता.

पहिल्या फेरीनंतर विश्वसनीयतेचा गुणांक काढला. संगणकाने सुचवले की बोलीचे विधान इतरांबरोबर हलत नाही, ते काढले तर गुणांक सुधारेल. गटातले दोघे लगेच काढायला निघाले. मी त्यांना विचारले की गुणांक काय सांगतो? विधाने आपसांत जुळतात एवढेच. एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला तरी तो उत्तम येईल. बोलीचे विधान जुळत नाही, कारण ते वेगळीच गोष्ट मोजत असावे, आणि तीच गोष्ट कदाचित त्या सोडून गेलेल्या मुलाच्या बाबतीत आमच्या नजरेतून सुटली. विधान ठेवले आहे, आणि त्याच्या जोडीला तशीच आणखी चार लिहायची आहेत. मेसच्या टेबलाचे विधान मात्र दोन प्रकारे छापणार आहोत: एकदा 'मी बसू शकतो', आणि एकदा 'मला बसू देतात'. दोन्हींच्या उत्तरांत फरक पडतो का, ते फेब्रुवारीतल्या दुसऱ्या फेरीत कळेल.